न धुतलेलं मडकं

आमच्या अंगणात मोहाचं एक झाड आहे. फाल्गुन लागला की पहाटे त्याची फुलं पडायला लागतात आणि मला जाग येते. आवाज म्हणावा तर काहीच नसतो. वाळक्या पानावर पडलं तर टप होतं, मातीवर पडलं तर तेवढंही नाही. पण वास येतो. गोड, जड, आणि खरं सांगायचं तर थोडा उंदराच्या बिळासारखा. देशावरून आलेल्या पाहुण्यांना तो सोसत नाही, ते नाकाला उपरणं लावतात. मला मात्र साठी उलटली तरी त्या वासाने भूक लागते.

यंदा फुलं पडताहेत आणि कोणी उचलत नाही. नव्या कायद्याने मोहाची फुलं घरात साठवली तरी गुन्हा होतो. दारू नव्हे हो, नुसती फुलं! मग गुरं येतात, वाटेल तेवढी खातात आणि दुपारभर झिंगून बांधावर बसतात. त्यांना कोणी पकडत नाही. सगुणा, म्हणजे आमची मंडळी, सकाळी अंगण झाडत झाडत झाडाखाली जाते आणि तिथे थांबते. तिचा हात टोपलीकडे जातो. मग माझ्याकडे बघते, आणि फुलं सोडून बाकीचा पाचोळा तेवढा झाडते. फुलं न हलवता पाचोळा कसा झाडायचा हे तिलाच ठाऊक.

आणि ओसरीवर दौतीखाली एक कोरा कागद आहे. तीन दिवसांमागे अबकारीचा जमादार तो ठेवून गेला. डोंगराखालच्या वस्तीवर अजून कोणाकोणाच्या घरी चोरून मोहाची दारू निघते, तेवढी नावं शिमग्याच्या आत लिहून द्या, म्हणाला. "तुम्ही जुने भट्टीवाले. तुम्हाला घर न् घर ठाऊक." वर हसून असंही म्हणाला की तुमचं अक्षर फार सुरेख आहे, कचेरीत तुमचा जुना कागद पाहिलाय मी.

तो जुना कागद अजून आहे तर. मला वाटलं होतं वाळवीने खाल्ला असेल.

तीस वर्षं झाली त्याला. तेव्हा मी तिशीत होतो आणि घाटातल्या लायनीवर हजेरी लिहीत होतो. आगगाडी घाट चढायला लागून काही वर्षं झाली होती, पण दरड कोसळायची, रूळ सरकायचे, त्यामुळे पळसदरीच्या आसपास मजुरांच्या टोळ्या बारमाही असायच्या. खालापूरच्या शाळेत चार यत्ता शिकलेला कुणब्याचा पोर म्हणून मला सावलीतलं काम मिळालं होतं. त्या टोळ्यांना संध्याकाळी प्यायला लागे. आणि त्यांना प्यायला मिळे ते आमच्या आसपासच्या घरांतलंच, कारण त्या वेळी आमच्याकडे मोह घरोघर निघायचा. लग्नाला, बाळंतिणीला, भाताची आवणी झाल्यावर कंबर धरली म्हणून, आणि देवाला तर हवाच. त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नसे.

आमच्या घरी आई काढायची. तिला ती विद्या नागीमावशीने दिली. नागीमावशी कोंडाण्याच्या डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. आईची आणि तिची मैत्री कशी जमली कोण जाणे, पण दर शिमग्याला आई तांदूळ घेऊन वर जायची आणि तिथून एक झाकलेलं गाडगं घेऊन यायची. त्या गाडग्यात दारू नसे. काळा, चिकट, आंबूस गाळ असे. फुलं पाण्यात आंबवायला घालायची ती ह्या गाळावर. दुधाला विरजण लागतं तसा तो लागतो. गाळ चांगला असला की दोन दिवसांत मडकं बोलायला लागतं, आतून बुडबुडे येतात, बारीक सूं सूं असा आवाज होतो. मग ते आंबलेलं चुलीवर चढवायचं, वर दुसरं मडकं, वेळूची नळी, नळीवर ओला फडका, आणि पलीकडे थेंब. आणि आंबवायचं मडकं कधीही धुवायचं नाही. आमच्या घरात इतर सगळं घासून लख्ख असायचं, आई तशी काटेकोर होती, पण त्या एका मडक्याला पाण्याचा हात लागू द्यायची नाही. ती गेल्यावर सगुणाने तेच पुढे चालवलं. ते मडकं चुलीमागच्या कोनाड्यात बसलेलं असायचं आणि मला त्याची लाज वाटायची.

हो, लाजच. हजेरीवर दिवसभर पांढरे कागद लिहिणारा मी, घरी आलो की ते काळं बूड दिसायचं.

त्या वर्षी तालुक्याचा मक्तेदार शेठ गावोगावी माणसं शोधत होता. सरकारकडून दारूचा मक्ता त्याने घेतला होता आणि लायनीच्या कडेला त्याला एक छोटी भट्टी आणि तिथेच दुकान हवं होतं. तांब्याचा हंडा, चार मोठी लाकडी पिंपं तो देणार. मोह काढणारा माणूस इथला हवा. त्याच्या कारकुनाने मला विचारलं आणि मी हो म्हणून बसलो. घरी सगुणाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "तुमाला काडता येतं काय?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, तू आहेस की. ती म्हणाली, "मडक्यातलं येतं मला. पिंपातलं कोनाला ठाव?"

हजेरीचं काम मी सोडलं. माझ्या जागी लगेच दुसरा बसला, कारण सावलीतल्या कामाला माणसं तयारच असतात. आता परतीची वाट नव्हती. कारकुनाने बजावलं होतं की शिमग्याला दुकान उघडलं पाहिजे. टोळ्या पाच दिवस सुटीवर असतात, त्या दिवसांत तुझ्याकडे दारू नसली तर शेठ ही भट्टी खोपोलीकडच्या माणसाला देईल. आणि आणखी एक. तुझ्या हद्दीत घरोघर मोह निघत राहिला तर तुझ्याकडे पाऊल कोण टाकणार? तेव्हा घरची मडकी बंद. "नावं लिही," तो म्हणाला.

मी लिहिली. पाटावर बसून, टाक नीट करून, एकाखाली एक अकरा नावं. नागीमावशीचं तिसरं होतं. लिहिताना मला काही वाटलं नाही असं म्हटलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण मला खरंच अक्षराचीच काळजी होती. कारकून कागद उजेडात धरून म्हणाला, वा! आणि मी फुगलो. मडकी फोडायला शिपाई शिमग्याच्या आदल्या दिवशी येतील, तोवर बभ्रा नको, असं तो म्हणाला, तेही मला शहाणपणाचं वाटलं.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. पहिलं मडकं माझंच फुटलं पाहिजे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको, अशी माझी मसलत. कारकुनासमोर कोनाड्यातलं मडकं उचलून अंगणात आणलं. सगुणा मागोमाग आली. "अवो, बुडाचं तरी काडून ठेवते, थांबा," ती म्हणाली. मी म्हटलं, कशाला ती घाण? आता सगळं नवं, स्वच्छ. आणि दगडावर आपटलं. आईच्या हातचं इतक्या वर्षांचं ते काळं अंगणात पसरलं आणि कोंबड्या धावून आल्या. सगुणाने खापऱ्या गोळा केल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी मीच उचलल्या.

पिंपं आली ती मी राखेने आणि चिंचेने घासून घासून घेतली. आत हात घालून बघितलं, लाकूड नव्या पाटासारखं झालं होतं. गेल्या साली वाळवलेली फुलं वस्तीवरून, गावातून, मिळतील तिथून आणली होती. ती भिजवली, पाणी सोडलं, झाकणं लावली. शिमगा दहा दिवसांवर होता आणि मला वाटलं, दोन दिवस पुष्कळ झाले.

तिसऱ्या दिवशी पिंपं गप्प होती.

चौथ्या दिवशीही. मी झाकण काढून कान लावायचो. फुलं पाण्यात पडून होती, फुगलेली, पिवळट, मेल्यासारखी. फुलांना आपलं आपण आंबणं येत नाही असं नाही, पण एवढ्या पाण्यात, अशा घासलेल्या लाकडात, ती आंबण्याआधी नासायला लागली होती. पाचव्या दिवशी एका पिंपातून शिरक्यासारखा वास आला. मी ते पालथं केलं. उरली तीन. कारकून दर दिवसाआड येऊन "कसं काय?" विचारी आणि मी "येतंय, येतंय" म्हणे. पिंपाजवळ बसून मी इतका वेळ ऐकत राहायचो की कानात नुसतं माझंच रक्त वाजायला लागायचं. घरी जेवण जाईना. सगुणा काही बोलत नव्हती आणि तिने काही बोलावं अशी मी वाट बघत होतो, म्हणजे मला तिच्यावर ओरडता आलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी तिने ताट वाढलं आणि म्हणाली, "मावशीकडं जा."

कोंडाण्याची वाट मला डोळे मिटून ठाऊक आहे. उल्हास नदीचा तो बारका ओहोळ ओलांडायचा, करवंदीच्या जाळीतून वर चढायचं, उजवीकडे डोंगराच्या पोटात ती जुनी कोरीव लेणी दिसतात. त्या दिवशी सगळीकडे मोह झडत होता. बायकांनी झाडाखालचा पाला जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवली होती आणि त्यावर फुलं मोत्यांसारखी दिसत होती. बायका ओणव्याने वेचत होत्या. त्यांतल्या चार-पाच जणींची नावं माझ्या कागदावर होती. "धोंडू, वर कुटं रं?" त्या विचारत होत्या. मी मान हलवत पुढे जात होतो. चालता चालता मनात एक वाक्य जुळवत होतो: मावशी, तुझं मडकं दोन-तीन दिवस कुठे तरी नेऊन ठेव. एवढंच. एवढंच म्हणायचं होतं.

नागीमावशी दारातच होती. बांध्याने ठेंगणी, केस करडे, कपाळावर गोंदण. मी पिंपांचं सगळं सांगितलं, घासल्याचंही. ती आधी हसली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "चिचंनं घासलंस? अरं, भांडं हाय का नवरी?" मग हसू थांबलं. "आन् तुज्या आयचं मडकं?"

"फोडलं."

ती उठून उभी राहिली. "कशापायी रं?" म्हणाली. मी म्हटलं, नियम आहे. नियम कोणाचा हे ती विचारेल आणि मग मी सांगेन, असं मनात होतं. पण तिने विचारलं नाही. आत गेली, कोपऱ्यातल्या मडक्याला कान लावला आणि मलाही बोलावलं. "आयकू येतंय?"

आलं. पाच दिवस जो आवाज मी शोधत होतो तो तिथे त्या अंधाऱ्या कोपऱ्यात अगदी निवांत चालला होता. मला रडूच आलं. खोटं कशाला सांगू?

तिने एका मोठ्या गाडग्यात हाताने गाळ काढून दिला. निम्मा. "निम्मं तुजं, निम्मं माजं. मडकं रितं ठेवू नाय." तोंडाला पळसाची पानं बांधली. मग म्हणाली, "येक ध्यानात ठेव. पयली धार देवाची, जुन्या मान्सांची. भुईवर सोड, मग काय इकायचं ते इक." मी हो म्हटलं. गाडगं डोक्यावर घेतलं. ते वाक्य तोंडाशी आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे त्याच्या आधीचं वाक्यही बोलावं लागलं असतं, की कागदावर तुझं नाव मी लिहिलंय. हातात तिचा गाळ घेऊन ते कसं बोलणार? मी उतरलो. पुढे अनेकदा स्वतःला समजावलं की पिंपांची घाई होती, वेळ नव्हता. ओहोळापाशी पाणी प्यायला मी बसलो होतो, तेवढ्या वेळात ते बोलून झालं असतं.

गाळ पडल्यावर दुसऱ्या सकाळी पहिलं पिंप बोललं. मग दुसरं, मग तिसरं. मी वेड्यासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात होतो. शिमग्याच्या आदल्या दिवशी तांब्याचा हंडा चढला. सगुणाने जाळ सांभाळला; तेवढं तिने केलं. नळीच्या तोंडाशी पहिला थेंब जमला तेव्हा कारकून शेजारी बाटली धरून उभा होता. पहिली धार शेठकडे जायची होती, पसंतीला. मी भुईकडे पाहिलं. त्याच्यासमोर दारू मातीत ओतायची? तो हसला असता. धार बाटलीत गेली. सगुणाने जाळातून मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

त्याच दुपारी शिपाई वर गेले आणि अकरा घरची मडकी फोडून आले. त्यांतला एक माझ्या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक झाला.

धुळवडीच्या दिवशी भट्टीवर टोळ्यांची गर्दी होती, ढोल होता, रंग होता, कारकून बाकावर मांडी घालून बसला होता. त्या गर्दीतून नागीमावशी आली. डोक्यावर नवं मडकं, कुंभाराकडून नुकतं आणलेलं, लाल. माझ्यासमोर उतरवून ठेवलं. "माजं जुनं दे," म्हणाली. "वंजळभर दे. नातीचं लगीन हाय."

कारकून बघत होता. मी म्हटलं, "मावशी, आता ते चालत नाही. दारू ने. हवी तेवढी ने, फुकट ने."

"इकतचं देवाला चालत नाय."

"अगं, फुकट देतोय."

"इकायला काडलेलं ते इकतचंच." मग तिने आवाज न चढवता विचारलं, "माजं नाव तूच लिवलंस काय रं?"

मी मापं इकडची तिकडे ठेवली. ती म्हणाली, "समदी म्हंतात, धोंडूचं अक्षर लई चांगलं हाय." आणि रिकामं मडकं डोक्यावर घेऊन निघाली. वस्तीच्या वाटेने नाही, आमच्या घराच्या बाजूने गेली. त्या वेळी ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. चार-पाच वर्षांत वारली. मी मातीला गेलो होतो, पण लांब उभा राहिलो. भट्टी म्हणाल तर चांगली चालली. नवं घर बांधलं, रानातलं हे झाड तेव्हाच अंगणात घेतलं. मग सरकारने सगळ्याच बारक्या भट्ट्या बंद केल्या. आता दारू लांबच्या मोठ्या कारखान्यातून मोहोर लावून येते. माझा तांब्याचा हंडा नेला, पिंपं मोडून जळणाला गेली. ज्या दिवशी शिपाई माझ्या दारात आले त्या दिवशी मला राग आला नाही. त्यांना कोणी माझं नाव सुबक अक्षरात लिहून दिलं असेल, एवढाच विचार आला.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण आज सकाळी हिरी आली. हिरी म्हणजे नागीमावशीची सून, आता तीही म्हातारी झाली. डोक्यावर लाकडांची मोळी. मोळी अंगणात उतरवली आणि तिच्या पोटातून भोपळ्याचं एक तुंबं काढून सगुणाच्या हातात दिलं. सगुणाने ते पदराखाली असं घेतलं, जणू दर साली घेते. मी ओसरीवरून हे बघत होतो. हिरी जाताना कोऱ्या कागदाकडे बघून गेली. वस्तीवर सगळ्यांना त्याचा पत्ता लागलेला आहे.

मी सगुणाला म्हटलं, आण इकडे. तिने वाटीत थोडं ओतून दिलं. वाटी नाकाशी नेली, मग एक घोट घेतला. गोड, मग शेवटाला धुरकट, मग जिभेच्या कडेला एक बारीक कडूपणा. हे आमच्या कोनाड्यातलं होतं. हे आईचं होतं, मावशीचं होतं. पण त्यांची मडकी तर फुटली होती.

"हे कसं राहिलं गं?"

सगुणा तांदूळ निवडत होती. "मी दिलं व्हतं. शिमग्याच्या दिशी. मावशी घरला आली व्हती न्हवं का, रितं मडकं घिऊन. तुमी पिंपात घालाया गाडगं आनलं, त्याच्या बुडाला चिकाटलेलं मी खरवडून ठेवलं व्हतं आदीच. त्येच दिलं."

"तीस वर्षं झाली. मला बोलली नाहीस?"

तिने मान वर केली नाही. "तुमी लिवून दिलं असतं," म्हणाली.

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती तांदळातला खडा काढावा तसं बोलली. आणि ते खरं होतं. तेव्हा मी लिहून दिलं असतं. तिच्या हाताने, माझ्या चुलीमागून, माझ्यापासून लपवून ते जगलं, आणि त्या डोंगराखालच्या प्रत्येक लग्नात देवाला मिळत राहिलं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी हलकंही वाटलं.

मी अंगणात उतरलो. वाटीतली धार भुईवर सोडली. थोडी उशिराच. "मावशी, घे," म्हटलं. मागून सगुणा म्हणाली, "समदं सांडू नका, वाईच ठेवा." मग ओसरीवर आलो, कागद ओढला, टाक नीट केला आणि लिहिलं. एकच नाव. अक्षर थोडं थरथरलं, पण वाचता येईल.

सगुणाला वाचता येत नाही. ती तांदळाचं सूप बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "कोनाचं लिवलं?"

मी वाचून दाखवलं: ह्या वस्तीवर जो मोह निघतो त्याचा गाळ माझ्या घरून गेलेला आहे, विचारायचं ते मला विचारावं, आणि खाली माझं नाव.

तिने कोपऱ्यातली टोपली उचलली आणि झाडाखाली फुलं वेचायला गेली.